वरवरचा नमुना

आमच्या गावात दूध घालायला गेलं की आधी माणसाची तपासणी होते, मग दुधाची. तपासणारे एकच, दूध संस्थेचे सचिव नाना. "गुरुजी, मनावर ताण किती? एक म्हंजे हलकं, पाच म्हंजे लई जड. सांगा."

हे खूळ त्यांना एका दुष्काळात लागलं. विद्यापीठातून एक मॅडम प्रश्नावली घेऊन आल्या होत्या, शेतकऱ्यांच्या मनावरच्या ताणाचा अभ्यास करायला. नानांनी त्यांना आठ दिवस घरोघर फिरवलं. मॅडम गेल्या, प्रश्न नानांकडे राहिला.

सुटका व्हावी म्हणून आम्ही सगळे "तीन" म्हणायचो. नाना खवळायचे. "वरवरचा नमुना हाय ह्यो! दूध तपासताना आमी आदी कॅन ढवळताव. न्हाईतर नुसती साय येती. माणूस बी ढवळावा लागतो." मग लेकीचं बाळंतपण, भावकीतला बांध, गुडघेदुखी असं काहीबाही विचारत बसायचे. मागची रांग शिव्या घालायची, पण शेवटी खरा आकडा बाहेर पडायचा आणि नानांच्या वहीत जायचा. कुणी उलट विचारलं तर उत्तर ठरलेलं, "इचारणाऱ्यानं आपलं सांगायचं नसतंय. अभ्यास नासतो."

गेल्या साली पुन्हा पावसानं डोळे वटारले. जनावरं चारा छावणीत गेली, संस्थेच्या केंद्रावर दुधाचा थेंब येईना. महिनाअखेर कुलूप लावायचं असं संचालकांनी ठरवलं. तरी नाना रोज सकाळी दार उघडून काटा पुसत बसायचे. मला त्या हट्टाचं हसू यायचं.

एका सकाळी मी रिकाम्या हातानंच गेलो. "नाना, आज मी विचारतो. किती?"

"तीन."

"वरवरचा नमुना! काळी कशी आहे छावणीत?"

काळी म्हणजे त्यांच्या वारलेल्या बायकोची लाडकी गाय. नाना काटा पुसतच राहिले. "काळी बरी हाय. पण ही गेल्यापासून घरात बोलाया कुणी न्हाई, गुरुजी. सकाळची रांग हाय म्हणून दिस निघतो. हितं कुलूप लागलं तर मी कुणाला इचारू?" मग हळूच म्हणाले, "पाच लिवा."

मला माझीच लाज वाटली. त्याच दिवशी मी घरोघर फिरलो.

दुसऱ्या दिवशी केंद्रावर रांग लागली. सगळ्यांच्या हातात रिकाम्या किटल्या. तिसऱ्या नंबरला खुद्द चेअरमन होते, आणि कुलपाचा विषय त्यांनी काढला नाही. पुढे उभ्या कौसाबाईंनी किटली काट्यावर ठेवली. "नाना, आज आदी तुमचं सांगा."

नानांनी चष्मा काढला, डोळे पुसले.

"नासवला बगा समदा अभ्यास," ते म्हणाले. "आजचं दोन लिवा."