म्हात्रेमास्तरांचा पाव

समोरच्या फ्लॅटमधले म्हात्रेमास्तर दिवसभर पाव मागवतात. म्हणजे मला तसंच ऐकू यायचं हो! शाळेच्या बँडची पोरं क्लॅरिनेट, ट्रम्पेट घेऊन शिकायला येतात आणि मास्तर ओरडतात, "पाव आण! हळू! पाव आण!" पण एकही पाव त्या घरात शिरताना दिसेल तर शपथ. माझा डोळा दाराच्या छिद्रालाच असतो, सुटला नसता.

मग मास्तर पार्किंगमध्ये दिसायला लागले. एक हात पुढे धरून मोजूनमापून पावलं टाकायची, थांबायचं, पुन्हा मागे. आता सांगा, सोसायटीच्या पार्किंगमध्ये पावलं कोण टाकतं? ज्याला जागा लाटायचीय तो! त्यात ही इमारत उभी त्यांच्याच बापाच्या शेतावर.

सरळ विचारलं, "मास्तर, काय मोजताय?"

"ठेका मोजतोय, बाय."

"आणि रोजचा पाव?"

हसून हसून खोकले. म्हणे पाव नाही, 'पावान'. शेकडो वर्षांपूर्वी युरोपातल्या दरबारात जोडीजोडीनं संथ चालत करायचा नाच. वरातीत आयुष्यभर ट्रम्पेट फुंकलेला हा माणूस आता त्या नाचाचे सूर पोरांना झेपतील असे सोपे करून लिहितो!

मला नाही पटलं. चालायला कधी बँड लागतो?

परवा मास्तर शाळेत गेलेले. बाहेर लिफ्टचं दार आपटतंय म्हणून बघितलं, तर त्यांच्या बायको, सुमनताई, दारात थिजलेल्या. कंपवात आहे त्यांना. पाय उचलेना, दार खांद्यावर येतंय. मागे अशाच पडल्या तेव्हा खुबा मोडला होता.

मी ओढायला धावले, तर म्हणाल्या, "ओढू नका. ठेका धरा, मास्तरांचा."

मला कुठला येतोय ठेका! घाबरून म्हटलं, "पाव… आण… पाव… आण…"

आणि पाय उचलला की हो त्यांनी!

"हळू," त्या म्हणाल्या. "माझं पाऊल किती सावकाश पडतं, ते पार्किंगमध्ये चालून बघतात. मग पोरांनाही तेवढंच हळू वाजवायला लावतात. त्या ठेक्यावर चालताना मी मागे राहायला नको म्हणून."

मी मास्तरांसारखा हात पुढे धरला. त्यांनी त्यावर हात ठेवला.

"पाव…" मी म्हटलं, आणि त्यांच्या पावलासाठी थांबले.