बर्फाची घाई

शेजारचे तात्या फ्रिजमध्ये भाजी ठेवू देत नाहीत. पुण्याची सून सुट्टीला आली आणि सवयीनं तिनं वांगी आत ठेवली, तर तात्यांनी ती उचलून परत टोपलीत टाकली. "वांगी भाईर टिकत्यात पोरी. बर्फ टिकत न्हाई."

तात्या फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. कवठे महांकाळला आमच्या भिंतीला भिंत लावून त्यांचं घर. पाणी लवकर कसं गोठवायचं, हा त्यांचा एकमेव विषय. खोल भांडं चालत नाही, स्टीलची पसरट ताटली हवी. पाणी अर्ध्या पेराएवढंच. फ्रिजचं दार जरा जास्त उघडं राहिलं की "गेट बंद!" ही आरोळी आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येते.

मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो. गरम पाणी लवकर गोठतं, असं तात्या म्हणायचे. एकदा मी बोलून गेलो, की गरम पाण्यापेक्षा गार पाणीच आधी गोठणार.

"ठेवून बघितलंय का कवा?" तात्यांनी विचारलं.

बघितलं नव्हतं. त्यांनी सारख्या दोन ताटल्या घेतल्या. एकीत गरम पाणी, दुसरीत माठातलं. मला घड्याळ देऊन स्टुलावर बसवलं. गरम पाणी आधी गोठलं! मी खजील झालो, पण तात्या फ्रिजमध्ये डोकं घालून बसले होते. जुना फ्रिज, आत बर्फाचा भुसभुशीत थर साचलेला. गरम ताटलीनं तो वितळवून थेट पत्र्याला बूड टेकवलं होतं. गार ताटली मात्र गोधडीवर बसावी तशी थरावरच बसलेली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी थर खरवडून काढला आणि एकट्यानं पुन्हा करून बघितलं. गार पाणी जिंकलं. ते सांगायला तात्या शाळेत आले. सगळ्या शिक्षकांसमोर म्हणाले, "मास्तर, तुमीच बरोबर. माझंच चुकलं." इतक्या वर्षांच्या नोकरीत मी वर्गात असं कधी म्हणालो नव्हतो.

"पण तात्या, एवढी घाई कशाची?" मी विचारलं.

"लाइट जायच्या आत जमलं पायजे की."

काकींची, म्हणजे तात्यांच्या बायकोची, मूत्रपिंडं निकामी झाली आहेत. आठवड्यातून दोनदा तात्या त्यांना एसटीनं सांगलीला डायलिसिसला नेतात. दिवसाचं पाणी डॉक्टरांनी ठरवून दिलेलं. घोट घेतला की संपतो, बर्फाचा तुकडा मात्र जिभेवर बराच वेळ पुरतो. म्हणून त्यातलंच थोडं पाणी तात्या सकाळी ताटलीत ओततात, आणि त्याचा पापडासारखा बर्फ चमच्यानं फोडून दिवसभर एकेक तुकडा काकींना देतात.

"किती उरलं?" काकी विचारतात.

"लय हाय," तात्या सांगतात.

यंदा मे महिन्यात भर दुपारी तात्या आमच्या दारात उभे राहिले. "मास्तर, तांब्याभर पाणी द्या."

उभ्यानंच घटाघटा प्यायले. दुसरा तांब्याही रिकामा केला.

"घरचं संपलं का?"

"न्हाई वो. ती खाटंवरनं बघती. तिच्यासमोर कसं पिऊ?"

त्यांनी खिशातून रुमाल काढला. मिशा पुसल्या, हनुवटी पुसली, सदऱ्यावर सांडलेला थेंब दोनदा टिपला.

"ओलं दिसतंय का कुटं?"

"नाही," मी म्हणालो.

मग ते घरी गेले.