लाइनमन अण्णांचं लिनक्स

लग्नात आहेर म्हणून लोक पातेली देतात, भिंतीवरची घड्याळं देतात. आमच्या बीदरच्या मैलूरचे मल्हारी अण्णा सीडी देत. फुलाफुलांच्या कागदात गुंडाळलेली आणि वर स्केचपेननं नवरानवरीची नावं. एका लग्नात ती गाण्यांची समजून कुणीतरी मांडवातल्या प्लेअरमध्ये घातली. प्लेअर घरघरला आणि गप्प झाला. अण्णा पंगतीतनं उष्ट्या हातानंच धावत आले.

"अवं, गाण्याची न्हाई ती! तिच्यात लिनक्स हाय. कंप्युटर चालतंय तिच्यावर. फुकट हाय, पण चोरीची न्हाई!"

फुकट म्हटल्यावर नवऱ्यामुलाच्या मामाचा चेहरा पडला.

अण्णा टेलिफोन खात्यात लाइनमन होते. रिटायर झाले तरी रस्त्यानं चालताना नजर वर तारांकडेच असायची. त्यामुळं दोनदा म्हशीला धडकले आणि दोन्ही वेळा म्हशीलाच "माफ करा" म्हणाले. बायको, आम्हा सगळ्यांची सुभद्राअक्का, दोन वर्षांपूर्वी गेलेली. एकुलता मुलगा विलास पुण्याला कंपनीत; तो अण्णांना अप्पा म्हणायचा. त्याला लॅपटॉप मिळाला तेव्हा त्यानं आपला जुना कंप्युटर अण्णांच्या घरातच ठेवला. वर्षभरात त्यात व्हायरस शिरला आणि तो बंद पडला.

अण्णांनी तो दुरुस्तीला नेला. दुकानदार म्हणाला, "शंभरात करून देतो. नवी विंडोज टाकतो."

अण्णांनी विचारलं, "पावती?"

दुकानदार हसला. "अण्णा, आख्खं बीदर कॉपीवरच चालायलंय."

अण्णांनी कंप्युटर उचलला आणि रिक्षात घालून घरी आणला. माझ्यासारख्या मास्तराला सांगताना त्यांचा आवाज चढायचा. "जन्मभर म्या लोकांच्या चोरून जोडलेल्या लाइनी कापल्या, गुरुजी. आता माझ्याच घरात चोरीची लाइन घेऊ व्हय?"

मग बसस्टँडजवळच्या दुकानात त्यांना एक इंग्रजी मासिक मिळालं, सोबत लिनक्सची सीडी. अण्णांचं इंग्रजी तक्रारवहीपुरतं. डिक्शनरी मांडीवर घेऊन ते एकेक शब्द लावत बसले. अकरा दिवस लागले. बाराव्या दिवशी पडदा उजळला तेव्हा त्यांनी गल्लीत पेढे वाटले. पुढं वाटण्यासाठी कोऱ्या सीड्यांचा डबाच आणला. "कॉपी काढायची, वाटायची परवानगी हाय हिला. तसं लिहूनच दिलंय त्येंनी," असं ते पोस्टमनपासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांना सांगत. भाजीवालीकडं कंप्युटर नव्हता. तिनं सीडी घेतली आणि टोमॅटोवर माश्या येऊ नयेत म्हणून टांगली. अण्णा म्हणाले, "असू दे. चमकती तरी."

आमच्या घरचा कंप्युटर रांगायला लागला तेव्हा मीच अण्णांना बोलावलं. ते पिशवी घेऊन आले. पिशवीत सीड्या, डिक्शनरी आणि सवयीनं लाइन तपासायचा टेस्टर.

"घाबरायचं न्हाई, गुरुजी. मशीन फुटत न्हाई. बिनधास्त दाबा."

आधी त्यांनी काहीही न बसवता नुसत्या सीडीवरून मशीन चालवून दाखवलं. भाषा निवडायची जागा आली, त्यांनी मराठी निवडलं. पडद्यावर 'कचरापेटी' वाचून आमच्या मंडळी स्वयंपाकघरातनं हसत बाहेर आल्या. मी मराठी शाळेतला मास्तर. मशीननं माझ्या भाषेत बोलावं हे मला फारच भावलं. म्हटलं, बसवूनच टाका.

प्रश्नांमागून प्रश्न येत गेले, मी पुढं-पुढं दाबत गेलो. एका ठिकाणी विचारलं होतं, संपूर्ण डिस्क पुसायची का? मी बटणावर बोट नेलं, तशी अण्णांनी माझं मनगट घट्ट पकडलं.

"थांबा!"

मगाशी बिनधास्त दाबा म्हणणारा हाच माणूस.

"आत काय ठिवलंय? कुणाचे फोटो? कुणाचा आवाज?"

"पोरांचे गेम आहेत, अण्णा. पुसू द्या."

"न्हाई. आधी उघडून बघू."

त्यांनी प्रत्येक कप्पा उघडायला लावला. माझ्या बहिणीच्या पोरीच्या बारशाचे फोटो निघाले, मी साफ विसरलेलो. सगळं दोन-दोन सीड्यांवर उतरवलं. तीन तास गेले, चहा तीनदा झाला.

"कामून एवढं करायलाव, अण्णा?" मी विचारलं.

ते टेस्टरशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "इलास पुण्यात हातानं करून खायचा. त्येला अंबाडीची भाजी कशी करायची ते हिनं सांगितलं, त्येनं कंप्युटरात भरून ठिवलं. अर्धा तास बोलली. पुण्याला न्यायचं राहून गेलं त्येच्याकडनं. अन् म्या पहिल्यांदा लिनक्स बसवताना पुढं-पुढं दाबत गेलो."

मंडळी दारातच थांबल्या.

"मग त्याच सीडीवरनं शोधाय लागलो. पुसलेलं परत काढायची सोय हाय तिच्यात. चार महिने लागले. थोडंसं गावलं."

"विलासला सांगितलंत?"

"त्येनं इचारलं न्हाई. म्या सांगितलं न्हाई."

दिवाळीत विलास आला. पाडव्याला सकाळीच अण्णा आमच्या दारात. "गुरुजी, चला जरा संगं. त्यो आईचं रेकॉर्डिंग मागायलाय."

मी गेलो. विलास कंप्युटरसमोर उभा होता. अण्णांनी एक बटण दाबलं. खरखर झाली आणि सुभद्राअक्काचा आवाज आला. "...मग झाकण ठिव. दहा मिनटं उघडायचं न्हाई. तुला धीर न्हाई, तुझ्या अप्पावानी."

एवढंच. पुन्हा खरखर.

"बाकीचं?" विलासनं विचारलं.

"म्याच पुसलं." अण्णा उभेच होते, साहेबापुढं उभं राहावं तसे. "शोधलं लई. एवढंच निघालं."

विलासनं पुढं होऊन स्वतःच बटण दाबलं. आवाज पुन्हा आला, पुन्हा संपला. तिसऱ्यांदा 'तुझ्या अप्पावानी' आलं तेव्हा त्याला हसू फुटलं, आणि हसता हसता त्यानं बाहीनं डोळे पुसले.

"अप्पा, हे काढलं कसं तुम्ही? आमच्या हापिसात असं कुणालाच जमत न्हाई."

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. कोपऱ्यातली दुसरी खुर्ची ओढून त्यांनी आपल्या खुर्चीला लावली.

"बस," ते म्हणाले. "सुरवातीपासनं सांगतो."

मी चपला हातात घेऊनच बाहेर पडलो.