वरच्या कोपऱ्यातली चिप

खेळ गेला हे कळलं त्या सकाळी रेडिओवाल्यांनी नेहमीसारखं बाहेरच्या खोलीत येऊन बटण दाबलं आणि ते तसेच उभे राहिले. पडद्यावर तारे नव्हते, यान नव्हतं. नुसते रंगीत चौकोन दाटीवाटीने भरले होते, आणि सुराच्या जागी भुंग्यासारखी एकच लांब गुणगुण.

माणसाच्या उंचीचं ते लाकडी यंत्र एका बंद झालेल्या गेम पार्लरमधून आलं होतं. नाणं टाकून खेळायचं. घरात खेळत कुणीच नव्हतं. पण सुरू ठेवलं की ते स्वतःशीच एक सूर वाजवत राही आणि काळ्या पडद्यावर तारे सावकाश खाली येत. रेडिओवाल्यांची बायको त्या उजेडात भाजी निवडत बसायची. ती गेली, आणि घरात आवाज तेवढाच उरला. दुपारी ते समोर खुर्ची टाकून डोळे अर्धे मिटत. त्या सुरात आत कुठेतरी भांडी वाजताहेत असं वाटे, आणि ते उठून बघायला जात नसत.

घर आवरायला आलेल्या मेव्हणीने चौकोन बघितले आणि हातातला झाडू भिंतीला टेकवला.

"भावोजी, गेलं एकदाचं. चार वाजता भंगारवाल्याला बोलावते."

"गेलं नाही. बिघडलंय."

"मग चारपर्यंत सुधारा. नाहीतर तिथे सोफा येईल."

"सोफा कशाला?"

"माणसं बसायला. लोकांच्या घरी माणसं येतात."

"हे आणलं तेव्हा मेलेलंच होतं," रेडिओवाले म्हणाले. "मी एकदा हात लावला, परत उघडायची वेळ आली नाही."

"पाठ आहे मला. माझ्या लग्नातसुद्धा माझ्या सासऱ्यांना हेच सांगत होतात."

रेडिओवाल्यांचं दुरुस्तीचं दुकान कधीच बंद झालं होतं, पण वीज तपासायचा मीटर शाबूत होता. त्यांनी मागची फळी काढली, बोर्ड तपासला. वीज जिथे जायला हवी तिथे जात होती. वरच्या कोपऱ्यातली मोठी चिप त्यांनी स्वतः बसवलेली, तेव्हा तिच्याकडे बघायचं कारणच नव्हतं. म्हणजे दोष धुळीचा. त्यांनी बोर्ड सोडवला आणि मोरीत नेला.

"भावोजी! भांड्याच्या साबणानं कॉम्प्युटर घासताय?"

"जुन्या बोर्डांना चालतं. नीट वाळला की झालं."

"ताईनं बघितलं असतं तर?"

"ब्रश आणून दिला असता."

बोर्ड बाल्कनीतल्या दोरीवर दोन चिमट्यांनी टांगला गेला, मेव्हणीने धुतलेल्या टॉवेलशेजारी. उन्हात त्याच्यावरच्या चंदेरी रेघा लकाकत होत्या. विमानातून गाव दिसावं तशा. हे रस्ते, ही घरं, ही पाण्याची टाकी. वाऱ्याने गाव हलायचं, टॉवेल हलायचा. बघता बघता रेडिओवाल्यांचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा दोरीवर टॉवेल होता आणि दोन चिमटे होते.

दारात खालच्या मजल्यावरचे मास्तर उभे होते. बोर्ड त्यांनी उत्तरपत्रिका धरावी तसा दोन बोटांत धरला होता. "रेडिओवाले, हे तुमचंच असणार. माझ्या कुंडीत उगवलंय."

"फुटलं तर नाही?"

"माती मऊ आहे. पण बोर्डावरच्या या बारीक खटक्यांत गेली होती. टाचणीनं एकेक खटका वर-खाली करून साफ केलाय."

"कुठला खटका?"

"सगळे. अर्धवट काम मला जमत नाही."

खटक्यांचा विचार करायला वेळ नव्हता. चार वाजत आले होते. मास्तरही बघायला आत आले. बोर्ड जागेवर बसला, बटण दाबलं. पुन्हा तेच चौकोन, तीच गुणगुण. आणि दाराची बेल.

भंगारवाल्याने यंत्राभोवती एक फेरी मारली, हात झटकले. "काका, बंद करा. कुठून धरू?"

रेडिओवाले यंत्राच्या बटणावर हात ठेवून उभे राहिले. मेव्हणीच म्हणाली, "मागची फळी सांभाळ रे, निसटेल. स्क्रू नाहीत तिला. ताईनं काढून ठेवलेत."

"काढून?" रेडिओवाले वळले. "मला वाटलं हरवले."

"रोज कोण पिळत बसणार! चहाचं पाणी ठेवायची, फळी सरकवायची, वरच्या कोपऱ्यात अंगठा दाबायची. कर्र वाजलं की फळी लावायची. मग तुम्हाला उठवायची. आधी मला वाटायचं पुसतेय."

"रोज?"

"तुम्ही एकदा हात लावलात ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"मला बोलली नाही कधी."

"मी म्हटलं होतं तिला, सांगून टाक. म्हणाली, पाहुण्यांना किती हौसेनं सांगतात, राहू दे."

मास्तर खिडकीबाहेर बघू लागले. रेडिओवाल्यांनी यंत्र बंद केलं आणि फळी काढली. चिप तापते, गार होते, आणि दर वेळी केसाएवढी वर सरकते. आता ती चांगलीच वर आली होती. त्यांनी अंगठा ठेवला आणि दाबला.

कर्र.

बटण दाबल्यावर सूर आला. तोच, तितकाच हळू. तारेही आले, पण खालून वर निघाले होते, आणि यान छताला वटवाघळासारखं लटकलं होतं.

"खटके," रेडिओवाले म्हणाले.

"स्वच्छ आहेत," मास्तर म्हणाले.

"आता बंद करू नका हं भावोजी," मेव्हणी पटकन म्हणाली. "परत लागेल न लागेल."

भंगारवाल्याने मान वाकडी करून पाहिली. मग तो यंत्राकडे डोकं करून सरळ जमिनीवर उताणा झाला. "काका, असं बरोबर दिसतंय बघा."

मास्तरांनी चष्मा सावरला आणि तेही आडवे झाले. मग रेडिओवाले. शेवटी मेव्हणी उशी घेऊन आली. चौघांच्या डोक्यांवरून तारे सावकाश खाली उतरत राहिले.

"मग हे न्यायचं नाही का?" भंगारवाल्याने विचारलं.

"गप पड रे," मेव्हणी म्हणाली.

चित्राची दिशा ठरवणारा, उलटा पडलेला खटका दुसऱ्या दिवशी सापडला आणि चित्र सरळ झालं. खरा दोष चिपखालच्या सॉकेटचा आहे, ते सैल झालंय. नवं सॉकेट खणात आहे, काम अर्ध्या तासाचं आहे. रेडिओवाले रोज सकाळी चहाचं पाणी ठेवतात, फळी सरकवतात आणि अंगठा दाबतात. सॉकेट बदलायचं राहिलं आहे.