पेशकारांचा मुआयना

कुत्रं माणसाला हुंगतं, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. आमच्या गल्लीत रोज सकाळी सव्वासातला माणूस कुत्र्याला हुंगत असे. ओट्यावर पोतं अंथरायचं, त्यावर कुत्र्याला बसवायचं, त्याचा कान दोन बोटांनी उलटा करायचा आणि नाक थेट आत. आधी डावा कान, मग उजवा. मग डोळे मिटून थोडा विचार. आणि मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात निकाल: "डावा साफ. उजव्याला जरा वास मारायलाय."

हे व्यंकटराव. जिंतूरच्या तहसील कचेरीतून पेशकार म्हणून निवृत्त झालेले, म्हणून सगळे त्यांना पेशकारच म्हणत. पेशकार म्हणजे साहेबापुढे फायली मांडणारा कारकून. तीस वर्षं हेच केल्यामुळे समोर जे येईल ते तपासायचं, त्यावर शेरा मारायचा आणि मगच पुढे सरकवायचं, ही सवय त्यांच्या हाडात गेली होती. शाळा निजामाच्या काळात, उर्दूत झालेली. तपासणीला ते तपासणी म्हणत नसत, मुआयना म्हणत. बायको वारलेली, मूलबाळ नाही. आमच्या समोरच्या घरात ते आणि कुत्रं, एवढाच संसार.

कुत्र्याचं नाव नायब. तांबूस रंगाचं, एक कान पडलेलं, जातिवंतपणाचा आरोप कुणालाही करता येणार नाही असं गावठी कुत्रं. "नायब, तोंड उघड." "नायब, इथं घाण करायची न्हाई." असं ओट्यावरून दिवसभर चालायचं. खरे नायब तहसीलदार आमच्याच गल्लीतून कचेरीला जात. महिनाभरात त्यांनी रस्ता बदलला.

मी शाळेत शिकवायची, आणि मला याद्या करायची सवय आहे. किराण्याची, इस्त्रीच्या कपड्यांची, पाहुण्यांना द्यायच्या उत्तरांची. पेशकारांच्या विक्षिप्तपणाचीही एक यादी माझ्या डायरीच्या मागच्या पानावर होती, आणि ती लांबत चालली होती.

उदाहरणार्थ, दात. ते ओलं फडकं बोटाला गुंडाळून नायबाचे दात घासत, आतून-बाहेरून, एकही न सोडता. नायबाचे दात मोगऱ्याच्या कळ्यांसारखे होते. पेशकारांच्या स्वतःच्या तोंडात चार दात उरले होते आणि त्या चौघांचंही एकमेकांशी पटत नव्हतं. नखांसाठी त्यांनी न्हाव्याकडे असते तशी नराणी बाजारातून आणली होती, कारण गल्लीतल्या न्हाव्याने नम्रपणे सांगितलं होतं की एकाच नराणीने दोघांची नखं काढायची तर माणसांची गिऱ्हाइकी जाईल. नायबाची नखं दर पंधरवड्याला निघत. पेशकारांची दाढी त्याहून उशिरा.

मग गोचीड. रोज फणीने केस उलटे फिरवून, बोटांच्या बेचक्यात, पडलेल्या कानाखाली, शेपटीच्या मुळाशी शोध. सापडली की चिमट्याने मुळापासून ओढायची आणि राकेलच्या वाटीत टाकायची. "आज तीन," ते जाहीर करत. आम्ही रेडिओवरच्या बातम्या लावल्या असल्या तरी हा आकडा त्यातून ऐकू येई.

सगळ्यांत वाद व्हायचा तो आंघोळीवरून. नळाला एक दिवसाआड पाणी, आणि हे दर दुसऱ्या रविवारी कुत्र्याला दोन बादल्या पाणी घालणार. शेजारच्या शांताबाई हंडा कमरेवर घेऊन ऐकवायच्या, "माणसाला प्यायला न्हाई, आन् ह्यांचं कुत्रं गंगास्नान करायलंय."

"बाई, माझ्या हिश्श्याचं पाणी हाय ते," पेशकार शांतपणे म्हणत. "मी कमी करायलोय."

यावर त्यांच्या सदऱ्याकडे पाहून कुणाला शंका घ्यायला जागा नव्हती.

पण यादीतली सगळ्यांत भारी नोंद वेगळीच होती. कुत्र्याच्या अंगाला जे लावायचं, ते पेशकार आधी स्वतः चाखत. खोबरेल चाखत, कडुनिंबाचं तेल चाखत, नवा साबण आणला तर त्याचा कोपरा जिभेला लावत. एकदा मी ओट्यापाशी उभी राहून विचारलंच, "पेशकार, हे कामून?"

"बाई, तुमी तेल लावलं तर तुमी चाटत बसता का?"

"नाही."

"कुत्रं बसतं. त्याच्या अंगावर गेलं म्हंजे पोटात गेलं. मला चालंल तेच त्याला."

मी घरी येऊन ते डायरीत लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. करमणूक म्हणून.

एकदा पावसाळ्यात त्यांच्या भावाच्या नातीचं बारसं निघालं, राणीसावरगावला. म्हणजे जिंतूरहून परभणी, तिथून रेल्वेने गंगाखेड आणि पुढे पुन्हा एसटी. दोन दिवस तरी मोडणार. पेशकार नायबाला आमच्याकडे घेऊन आले आणि त्याच्यासोबत माझ्या हातात दोन ताव भरून सूचना ठेवल्या.

मी आयुष्यभर लोकांना याद्या दिल्या आहेत. मला कुणी यादी द्यावी हे मला नवीन होतं, आणि यादी म्हणून तर ती फारच वाईट होती. पहिल्या कलमात कान, चौथ्यात कान, नवव्यात पुन्हा कान. सातवं कलम असं: "त्याच्यावर ओरडू नये. त्याला कळतं." ही काय सूचना झाली? त्यांची एसटी सुटते न सुटते तोच मी ते दोन ताव टेबलावर घेतले आणि स्वच्छ अक्षरात, नीट क्रमाने, आठ मुद्द्यांत आणले. गोचीड रोज वेचायची होती ती मी रविवारवर ढकलली. आणि चाखण्याचं कलम गाळलं. अनावश्यक मजकूर गाळणं मी मुलांनाही शिकवते.

दोन दिवसांचे पाच झाले. विद्यापीठाच्या नामांतराच्या बाजूने आणि विरुद्ध मोर्चे निघत होते, मध्येच बंद पुकारला जायचा, आणि गाडी सुटणार की नाही हे स्टँडवर कुणी छातीठोकपणे सांगत नव्हतं. पाचव्या दिवशी सकाळी नायब पाय झाडत, अंग खाजवत फिरायला लागला. मी पडलेला कान उचलून पाहिला. आत गोचिडींची शाळा भरली होती.

आता या एकेक करून वेचायच्या, तर माझी शाळा बुडणार. आणि मी व्यवहारी बाई आहे. मागच्या पडवीत आमच्या शेतातल्या कपाशीवर धुरळायच्या पावडरीची पिशवी होती. जिने बोंडअळी मरते तिच्यापुढे गोचीड ती काय, असा हिशेब मी केला. दोन मुठी घेतल्या आणि नायबाच्या अंगावर, केसांत बोटं घालून, नीट चोळल्या. पाच मिनिटांत काम झालं. पेशकारांना रोज अर्धा तास लागत होता, आणि ते आल्यावर हे त्यांना कोणत्या शब्दांत सांगायचं याचीही मी मनात तयारी केली.

मधल्या सुट्टीत घरी आले तर नायब पायऱ्यांशी आडवा पडला होता. तोंडातून लाळेची तार, मागचे पाय थरथरत. त्याने पाठ चाटून चाटून ओली केली होती. जिथपर्यंत जीभ पोचते तिथपर्यंतची पावडर साफ झालेली होती.

आमचे हे धावत जनावरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर बंदमुळे परभणीतच अडकलेले; कंपाउंडर आला. तोवर गल्ली जमली होती आणि एकीने दूध, दुसरीने ताक, तिसरीने लिंबू आणलं होतं. त्याने सगळ्यांना मागे सारलं. "तोंडातून काई घालू नका. काय लावलं होतं?" मी पिशवी दाखवली. त्याने पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याने सुई टोचली. मग नायबाचा जबडा धरला, तर त्या अवस्थेतही नायबाने स्वतःहून तोंड उघडलं.

"अशी हिरडी दाखवणारं जनावर मी पहिल्यांदा बगायलोय," कंपाउंडर म्हणाला. "आता धुवा. साबण लावा, धुवा, परत लावा. वास जाईस्तवर."

आमचं पाणी तिसऱ्या धुण्याला संपलं. नळाचा दिवस उद्याचा. शांताबाई त्यांचा हंडा घेऊन आल्या. "व्हा बाजूला," त्या मला म्हणाल्या. "पेशकार आल्यावर त्येंना काय दाखवायचं, कातडं?" मग आणखी दोन घरांतून बादल्या आल्या. नायब पायांवर नीट उभा राहू शकत नव्हता, तरी साबण लागला की हलत नव्हता. पोट धुवायचं तेव्हा कुशीवर वळत होता. दुसरं कुठलं कुत्रं असतं तर आम्हाला फाडून खाल्लं असतं. इतक्या रविवारांत तो हे शिकला होता, आणि आम्ही त्या रविवारांवर हसलो होतो.

साडेपाचच्या सुमाराला पेशकार आले. परभणीपासून दुधाच्या गाडीत बसून. धोतर चिखलाने माखलेलं, हातात बारशाच्या घुगऱ्यांची पुडी. अंगणातली गर्दी आणि ओलं कुत्रं पाहून ते जागीच थांबले.

मी सांगून टाकलं. गोचिडींचं, पावडरीचं, सगळं. मी मुद्देसूद बोलते अशी माझी ख्याती आहे. त्या दिवशी दोनदा मागे जाऊन पुन्हा सांगावं लागलं.

त्यांनी ऐकून घेतलं. "चाखली व्हती का?"

"नाही."

"लिहिलं व्हतं मी."

"ते मी गाळलं."

ते पुढे आले. नायबापाशी उकिडवे बसले, त्याचा ओठ वर केला, हिरडी बोटाने दाबून सोडली आणि रंग परत येतो का ते पाहिलं. "नायब," ते म्हणाले. शेपूट एकदा जमिनीवर आपटलं. त्यानंतर तासभर त्यांनी एकट्याने त्याला पुसलं, उन्हाच्या शेवटच्या पट्ट्यात सरकवलं, पुन्हा पुसलं. गल्ली आपापल्या घरी गेली. मी गेले नाही, कारण जायचं कसं ते मला कळत नव्हतं. दिवेलागणीला नायब उठला. दोनदा बसला, तिसऱ्यांदा उभा राहिला, आणि ओट्याशी ठेवलेल्या वाटीतलं पाणी प्यायला लागला. आम्ही दोघं ते लपलप ऐकत राहिलो.

आता बोलणी बसणार हे मी धरून चालले होते, आणि ती खायची माझी तयारी होती.

पेशकार उठून घरात गेले. साबणाची वडी आणि तांब्या घेऊन आले. "बाई, हात दाखवा."

"माझे?"

"पावडर हातानंच चोळली ना? मग जेवल्या आसाल. हात पुढं करा."

मी जेवले नव्हते. पण ते मला सांगता आलं नाही. मी हात पुढे केला. त्यांनी तळहात उलटा-सुलटा केला, दिव्याच्या बाजूला वळवला, बोटांच्या बेचक्यांत पाहिलं आणि वरून पाण्याची धार धरली.

"आमच्या मंडळीच्या तळहातात पऱ्हाटीची काडी घुसली व्हती," ते धारेकडे बघत म्हणाले. "चुलीसाठी मोडताना. चिंधी बांधून आठ दिस भाकरी करायली व्हती. मी खायलो. कचेरीतून आलो की पानावर बसायचो, उठायचो. दवाखान्यात चिंधी सोडली तवा मी तो हात पाहिला. धनुर्वात झाला व्हता."

त्यांनी माझ्या बोटांवर साबण चोळला आणि पुन्हा धार धरली.

"तीस वर्षं खाल्लं त्या हातचं," ते म्हणाले. "कसा व्हता म्हणून कुणी विचारलं तर सांगता यायचं न्हाई मला."

साबण बोटांवरून ओघळून गेला. त्यांनी हात पुन्हा दिव्याकडे धरला, वास घेतला आणि सोडला.

"दुसरा," ते म्हणाले.