शालूबाई, चुकलं!

शनिवारी दुपारी पवनानगरच्या कॅम्पसाइटवर शालूबाईंनी पिठाचे हात धुतले, पदर खोचला आणि त्या घरी निघाल्या. संध्याकाळी चाळीस पाहुणे जेवायला होते.

"मावशी, अवो झालं काय?" मालक गोरखभाऊ आडवे आले.

"मला काय इचारता? फाटकावरची पाटी वाचा. समद्या रस्त्याला दिसतंय."

एरवी 'सुस्वागतम्' म्हणणाऱ्या दिव्यांच्या पाटीवर लाल अक्षरं सरकत होती : 'स्वयंपाकीण लय माजलीय. आधी तिला मारा.'

पाटी नेटला जोडली होती भाऊंच्या मुलीनं, अमृतानं. तिनं वाचलं आणि कपाळाला हात लावला.

"आबा, ही आमच्या खेळातली स्वयंपाकीण. चेटकीण आहे ती!"

त्या खेळात चित्रं नव्हतीच. गावोगावचे खेळाडू एकाच वेळी नुसते शब्द टाइप करून लढत. त्यांचं बोलणं आपल्या मोबाइलवर यावं म्हणून अमृतानं सकाळी खेळाच्याच प्रोग्रॅमच्या भाषेत चार ओळी लिहून एक सॉकेट उघडलं होतं. सॉकेट म्हणजे बोलणं बाहेर न्यायची वाट. पत्त्यातला एक आकडा चुकला आणि वाट फाटकावर निघाली.

"बंद कर ते आधी!" भाऊ ओरडले.

"थांबा," शालूबाई म्हणाल्या. "ज्यांनी लिवलं त्यांनीच माफी मागायची. तितंच, पाटीवर. मंग भाकरी थापते."

अमृतानं खेळात निरोप टाकला. पोरं मनानं चांगली. पाटी वाहू लागली : 'शालूबाई, चुकलं!' 'शालूबाई, पाया पडतो!' 'शालूबाई, पुन्हा हात उचलणार नाही!'

तेवढ्यात पाहुण्यांची बस फाटकात आली. सगळ्यांनी पाटी वाचली. पुढच्या सीटवरच्या बाई उतरल्या त्या तडक भाऊंपाशी.

"हात उचललात तुम्ही? बाईमाणसावर?"

"मी न्हाई वो! त्ये सॉकेट..."

"अगं बाई, शॉकही दिला!"

भाऊ जितकं समजावत गेले तितका त्यांचा गुन्हा वाढत गेला. बायका स्वयंपाकघरात घुसल्या. शालूबाईंना खुर्चीत बसवलं, हाती चहा दिला आणि दोघी-तिघी भाकऱ्या थापायला बसल्या. शालूबाईंनी दोनदा तोंड उघडलं, पण चहा गरम होता.

चुलीपाशी उभे केलेले भाऊ हळूच म्हणाले, "मावशी, खरं काय त्ये सांगा की यांना."

"सांगते की. जेवणं तर होऊ द्या," शालूबाई म्हणाल्या. "रस्सा ढवळा, खाली लागंल."