टेंभेकरांच्या घरात राहण्याची परवानगी

मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी दत्तात्रय टेंभेकरांच्या दारावर नोटीस चिकटवण्यात आली. चिकटवणारा बेल न वाजवताच निघून गेला. खळ अजून ओली होती, म्हणून टेंभेकरांनी ती जागच्या जागी, उभ्यानेच तीनदा वाचली. मजकूर छोटा होता. सदर तळमजल्याचा वापर शंभर टक्के व्यावसायिक असून निवासी वापर शून्य आढळला आहे. तपासणी गुरुवारी होईल. समाधान न झाल्यास जागा सील करण्यात येईल.

आत त्यांच्या पत्नी वृंदाताई कुकरच्या शिट्या मोजत होत्या. घरात कोणीतरी राहत आहे, असं मानायला हरकत नव्हती.

गाझियाबादच्या कडेला असलेल्या केसर एन्क्लेव्हची ही गल्ली नव्या आराखड्यात 'मिश्र वापरा'ची ठरली होती. म्हणजे खाली धंदा आणि वर घर चालेल, घराच्या काही भागात काम केलेलंही चालेल. फक्त कोण किती जागेत काय करतो ते फॉर्मवर लिहून द्यायचं. गल्लीतल्या सगळ्यांनी 'फक्त राहतो' एवढंच लिहिलं. वरच्या मजल्यावर ब्युटी पार्लर चालवणाऱ्या भाटियाबाईंनी तेच लिहिलं, समोर घरात मोमो उकडून चार दुकानांना पुरवणाऱ्या रावतनेही तेच लिहिलं. टेंभेकरांच्या हातून ते होणं शक्य नव्हतं. चौतीस वर्षं त्यांनी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात टिपणं लिहिली होती आणि त्यातलं एकही दुरुस्तीसाठी परत आलं नव्हतं. त्यांनी टेप घेऊन दोन दिवस घर मोजलं आणि फॉर्मला पाच पानांचं परिशिष्ट जोडलं.

नोएडात राहणारी त्यांची मुलगी देविका आठवड्यातले तीन दिवस आईच्या हातचं जेवायला मिळावं म्हणून इथून ऑफिसचं काम करायची. त्या दिवशी ती घरीच होती. तिने मीटिंग अर्धवट सोडून नोटीस वाचली.

"बाबा, 'राहण्यासाठी जागा' या रकान्यात तुम्ही काय लिहिलंत?"

"उर्वरित."

"उर्वरित म्हणजे किती?"

टेंभेकरांनी स्थळप्रत काढली. इथल्या मराठी मंडळाच्या ऑर्डरचे बेसनलाडू होतात म्हणून स्वयंपाकघर हा खाद्यउद्योग. शनिवारी मुलांना मराठी शिकवतात म्हणून हॉल हा शिकवणी वर्ग. देविकाच्या लॅपटॉपची खोली हे कार्यालय. गल्लीला होमिओपॅथीच्या गोळ्या मिळतात ती त्यांची स्वतःची खोली हा दवाखाना. वृंदाताई कढीपत्त्याची रोपं वाटतात ती बाल्कनी ही रोपवाटिका, आणि न्हाणीघर हे रोपवाटिकेची पाण्याची सोय. देविकाने फोनवर बेरीज केली. एक्क्याऐंशी चौरस मीटर. घरही तेवढंच होतं.

"यार बाबा, तुम्ही स्वतःलाच वजा केलंत."

"अहो, मी जन्मभर ज्या ओट्याशी उभी राहिले तो कारखाना," वृंदाताई म्हणाल्या, "आणि तुम्ही जिथे घोरता तो दवाखाना?"

"मोफत दवाखाना," टेंभेकर म्हणाले. "तसं कंसात लिहिलं आहे."

आता गुरुवारपर्यंत एवढंच सिद्ध करायचं होतं, की टेंभेकर या घरात राहतात. वृंदाताईंनी मोहीम हातात घेतली. घर राहतं दिसलं पाहिजे, म्हणून हॉलभर दोऱ्या बांधून साड्या आणि सदरे वाळत घातले. गाद्या उलगडून ठेवल्या. दारात चपलांचे नऊ जोड मांडले. टेंभेकरांना दाढीचं सामान खिडकीत ठेवायला सांगितलं. बुधवारी दुपारपर्यंत घर इतकं राहतं दिसू लागलं की पाय ठेवायला जागा उरली नाही.

संध्याकाळी, तपासणी सगळ्याच गल्लीची होणार, ही बातमी पसरली आणि पाऊण तासात भाटियाबाई खाली आल्या. त्यांच्या मागे दोन माणसं पार्लरची वरखाली होणारी खुर्ची घेऊन उभी होती.

"अंकलजी, आपके यहाँ तो सब लिखा हुआ है," त्या म्हणाल्या. "एक कुर्सी और सही। बस कल शाम तक।"

टेंभेकर नियम सांगायला तोंड उघडणार, तोवर वृंदाताईंनी होकार देऊन टाकला होता. भाटियाबाईंकडे टेंभेकरांच्या घराची जादा किल्ली असायची आणि एक कुठे गेली तर दुसरी तिचं दूध घेऊन ठेवायची. मग रावतला नाही म्हणणं बरं दिसेना. त्याची मोमोंची तीन मजली भांडी ओट्यावर आली. कोपऱ्यावरच्या शिलाईवाल्या सोनींनी कपडे दाखवायच्या चार पुतळ्या आणल्या. त्या उघड्या बऱ्या दिसत नव्हत्या, म्हणून वृंदाताईंनी दोरीवरच्याच साड्या त्यांना नेसवल्या.

गुरुवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी तपासनीस त्यागी आले. नऊ जोड चपला ओलांडताना त्यांनी वहीत लिहिलं: ग्राहकांची वर्दळ चांगली. हॉलमध्ये पुतळ्यांसमोर ते थोडे रेंगाळले, एका साडीचा पदर बोटांत घेऊन पाहिला आणि माल चांगला असल्याचं म्हणाले. उलगडलेल्या गाद्या त्यांनी पार्लरच्या खात्यात धरल्या. खिडकीतलं दाढीचं सामान पाहून 'जेंट्स भी?' असं विचारलं.

मग त्यांनी मुद्द्याचा प्रश्न केला. "ये सब यहीं चलता है?"

टेंभेकरांचा चेहरा लाल झाला. खोटं बोलता येत नव्हतं. खरं बोलावं, तर दाराच्या फटीत भाटियाबाईंचा एक डोळा दिसत होता.

"यहाँ रखा है," ते म्हणाले. "इतना मैं प्रमाणित कर सकता हूँ।"

त्यागींनी ते शब्दशः उतरवून घेतलं. नंतर त्यांनी उरलेली गल्ली तपासली. ती संपूर्ण निवासी आणि अत्यंत स्वच्छ आढळली.

शुक्रवारी टेंभेकर पाच पानांची स्थळप्रत घेऊन त्यागींच्या कार्यालयात गेले. लढायची पूर्ण तयारी होती. त्यागी खुर्चीवरून उठून उभे राहिले आणि त्यांनी टेंभेकरांचा हात दोन्ही हातांत घेतला. सगळ्या गल्लीत खरं लिहून देणारा एकच माणूस निघाला होता. सीलचा प्रश्नच मिटला. पूर्ण तळमजला व्यावसायिक म्हणून मंजूर झाला होता.

"लेकिन हम सोएँ कहाँ?" टेंभेकरांनी विचारलं.

तो निवासाचा विषय होता, त्यासाठी सात नंबरची खिडकी होती. तिथल्या बाईंनी नियमांची चोपडी चाळून सांगितलं, की व्यावसायिक जागेत रात्री झोपता येत नाही. अपवाद राखणीसाठी ठेवलेल्या एका माणसाचा. एकच. टेंभेकरांना इतका आनंद झाला की त्यांनी तिथेच उभ्याने अर्ज लिहिला: मी स्वतः चौकीदार म्हणून काम करण्यास इच्छुक आहे. बाईंनी अर्ज परत सरकवला. चौकीदाराने स्वतःला नेमायचं नसतं, जागेच्या मालकाने नेमायचं असतं. मालक कोण?

घर वृंदाताईंच्या नावावर होतं.

त्यांनी चौकीदाराच्या नेमणुकीचा फॉर्म शांतपणे वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"म्हणजे चौकीदार झोपणार घरात, आणि मालकीण?"

"तुझी रात्रीची सोय देविकाकडे. तात्पुरती," टेंभेकर म्हणाले. "मी तसं टिपण देतो."

"अहो, गेल्या महिन्यात दुपारी गॅसवाला अर्धा तास बेल वाजवत होता. कोण झोपलं होतं?"

"आई, तू स्वतःच का नाही अर्ज करत?" देविकाने आतून विचारलं. टेंभेकरांनी तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

फॉर्म सोमवारी पाच वाजेपर्यंत खिडकीत पोचायला हवा. आज रविवारी दुपारपर्यंत वृंदाताईंनी नाव, वय आणि शिक्षण हे रकाने भरले आहेत. 'सदर व्यक्ती राखणीस योग्य आहे काय' या रकान्यात त्यांनी सुवाच्य अक्षरात 'विचाराधीन' असं लिहिलं आहे. सही अजून झालेली नाही.